आठवं खाचर

ही रात्रीची गोष्ट नाही.

आधीच सांगून टाकते. भुताच्या गोष्टीला अमावस्या लागते, घुबड लागतं, वाकडं झाड लागतं. इथं त्यातलं काही नाही. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं, आणि बघायला निम्मा कोंड, म्हणजे निम्मी वाडी, उभा होता.

आणि हे खरं आहे.

जिच्या बाबतीत घडलं ती राहीबाई माझ्या आईची सख्खी बहीण. जिवंत आहे. ज्याला खोटं वाटतं त्यानं पोलादपूरहून आंबेनळीचा रस्ता धरावा, घाट लागायच्या आधी डाव्या हाताला उतरावं आणि कातळकोंडात जाऊन विचारावं. कोणी काही सांगणार नाही. पण विचारल्यावर त्यांची तोंडं बघावीत.

साल अठ्ठावन्न. मार्गशीर्ष महिना. भात कापून झालेलं, खाचरांत ओल होती. वाल पेरायच्या आधीची नांगरट चालू होती.

राही तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. पोरबाळ नाही. नवरा सोनबा मुंबईला गिरणीत. आधी महिन्याला पत्र यायचं. मग सणावाराला. मग दीड वर्ष काहीच नाही. कोणी म्हणे दुसरी केली, कोणी म्हणे तापात गेला. कोंडातली पोरं मुंबईहून यायची, पण राहीच्या दारापुढनं जाताना मान खाली घालून झपाझप जायची.

राहीपाशी होतं काय? एक बैलजोडी, एक नांगर, आणि उतारावर एकाखाली एक अशी आठ खाचरं.

तीच जाणार होती.

त्याचं असं आहे. आमच्याकडं बाई सगळं करते. राब भाजते, लावणी करते, तण काढते, कापते, झोडते, डोक्यावर वाहते. पण नांगराचं रुमणं, म्हणजे मूठ, ती धरायची नाही. बाईनं रुमणं धरलं की पाऊस पळतो, म्हणतात. त्यामुळं राहीच्या खाचरांत राहीच्याच बैलांनी नांगर धरायचा तिचा मोठा दीर, हैबती.

आणि तलाठी यायचा पाहणीला. कोण कसतो ते बघायचा, वहीत नाव लिहायचा. बाई मांडीएवढ्या चिखलात उभी असली तरी ती नुसती मदतीला. रुमणं ज्याच्या हातात, शेत त्याच्या नावावर.

दोन वर्षं वहीत हैबतीचं नाव लागलं होतं. यंदा तिसरं. हैबती देवळापुढं बसून सांगायचा, यंदा लागलं की खाचरं माझी. राहीला काय, पडवीत राहील, भाकर खाईल.

राहीला हे कळलं तेव्हा तिनं त्याला दारात उभं राहून सांगितलं, यंदा माझ्या बैलांना हात लावायचा नाही. मग ती कोंडातल्या घराघरात गेली. कोणी तरी नांगर धरा, रोजानं धरा, पण धरा. सगळ्यांनी माना हलवल्या. हैबती तिच्या आधी फिरून गेला होता.

तलाठी यायला दहा-बारा दिवस राहिलेले. आठही खाचरं तशीच पडलेली.

अशात पुण्याची बाई आली.

आनंदीबाई नाव. पन्नाशीची, चष्मा, एक पत्र्याची पेटी. ती म्हणाली, मी बायकांचा इतिहास लिहिते. मागच्या दोन-तीनशे वर्षांत बाईचं काम कसं बदलत गेलं, ती कुठं बसायची, कुणाशी बोलायची, कागदावर तिचं नाव कधी यायचं आणि कधी पुसलं गेलं, ते शोधते.

कोंडाला एक अक्षर पटलं नाही. बाईचा कसला इतिहास? कोणी म्हणालं सरकारनं जमिनी बघायला पाठवलीय. कोणी म्हणालं पोरं मोजायला आलीय. म्हातारा येसाजी, ज्याच्या घरी जुन्या कागदांची गाठोडी होती, त्यानं तिला ती दाखवली. पण ती वाचत असेपर्यंत शेजारून हलला नाही.

एकटी बाई, उतरणार कुठं? ज्या घरात पुरुष नाही तिथं. म्हणजे राहीकडं.

राहीलाही ती आवडली नाही. बाईच्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं. उजवं मोकळं. आणि बाई सारखी राहीच्या हातांकडं बघायची. किती बांगड्या? कासार कधी येतो? हिरव्याच का? फुटली की काय म्हणता? सगळं वहीत उतरवायची.

राहीच्या हातात सात बांगड्या होत्या. चार आणि तीन. आठवी कापणीत वाढवली होती, आणि कासार अजून फिरकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईनं पेटीतनं एक कागद काढला. पिवळा, मऊ, खालून फाटलेला. म्हणाली, येसाजीच्या गाठोड्यात मिळाला. वाचून परत देते म्हटलं त्याला.

मग तिनं राहीला समजावलं. पूर्वी ज्याला लिहिता येत नसे तो कागदावर खूण काढायचा. शेतकरी नांगर काढायचा. बाई बांगडी काढायची. नुसतं एक वर्तुळ.

या कागदावर बांगडी होती...

पण ती खरवडून काढलेली होती. आणि तिच्या डोक्यावर कोणीतरी नांगर काढलेला होता.

बाईनं मोडी वाचून सांगितलं. याच कोंडातली ठकूबाई. दोनशे वर्षं झाली असतील. नवरा स्वारीवर गेला तो आलाच नाही. दिरानं शेत मागितलं. ती गावापुढं उभी राहून म्हणाली, शेत मी कसते, मला बांगडीची खूण नको.

"मग? गावानं काय ठरवलं?" राहीनं विचारलं.

"तेच तर कळत नाही. कागद इथंच फाटलाय."

राही बराच वेळ त्या खुणेकडं बघत राहिली. त्याच दिवशी सकाळी पाणवठ्यावर जाऊबाई, हैबतीची बायको बनुबाई, तिला सगळ्यांदेखत बोलली होती, काय गो, बैलांना हार घालून बसवणार काय यंदा?

बाईनं वहीचं एक पातळ पान काढलं, कागदावर ठेवलं, आणि खालची खूण वरून गिरवून घेतली. मग टाक राहीपुढं केला. हसत म्हणाली, "तू कोणती काढशील?"

राहीनं टाक मुठीत धरला, मुसळ धरतात तसा. आणि रागानं दाबून नांगर काढला.

शाई जास्त झाली. पान पातळ. बाईनं घाईनं पान उचललं तर...

शाई खाली उतरली होती. जुन्या कागदावर, ठकूबाईच्या नांगराखाली, एक छोटा नांगर उमटला होता.

बाईचा चेहरा पडला. तिनं टिपकागद दाबला, फुंकर घातली. डाग गेला नाही. तिनं कागद पेटीत टाकला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राही अंगणात भात कांडत होती.

मुसळ वाजत होतं.

बांगड्या वाजत नव्हत्या.

आधी तिच्या लक्षात नाही आलं. कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, एवढंच. तिनं मुसळ थांबवलं, हात झटकला. बांगड्या एकमेकींवर आपटलेल्या तिला दिसल्या. आवाज नाही.

तिनं पुन्हा झटकला. नाही.

मग मोजल्या. सहा.

तिनं अंगण झाडून काढलं. उखळात हात घातला. काच कुठंच नाही. आता बांगडी हातातनं निघायची तर कासारानं साबण लावून, हाताची हाडं दाबून काढायची. नाहीतर ती फुटते. तिसरा रस्ता नाही.

ती तशीच बसली होती, तेवढ्यात खालून, खाचरांकडनं...

बैलांच्या घुंगरांचा आवाज.

राही उठलीच. हैबती. तिला विचारल्याशिवाय बैल सोडले आणि नांगर घातला. ती कोयता घेऊन धावत उतरली.

सगळ्यात वरचं खाचर नांगरलेलं होतं. सरळ, ओळीत. माती नुकती पालथी पडलेली, काळी, ओली. माणूस कोणी नाही. बैल नाहीत.

तिची नजर तीक्ष्ण. ती बांधावर उकिडवी बसली आणि मातीत बघायला लागली. बैलांचे खूर होते. येताना, जाताना, वळताना.

मागं माणसाचं पाऊल नव्हतं. एकही.

ती हैबतीच्या घरी गेली. तो जेवून ओसरीवर आडवा झालेला, पाय स्वच्छ, नखात माती नाही. कोयता बघून तो उठून बसला. ऐकून घेतलं आणि त्याचेच डोळे बारीक झाले. त्याला वाटलं, हिनं वरंधकडचा कोणी बाप्या लपूनछपून आणला.

राही घरी आली, गोठ्यात गेली. तांबडा आणि बांडा, दोघं दावणीला. दाव्याची गाठ तिनंच सकाळी मारलेली, तशीच.

बैल घामानं निथळत होते. तोंडाला फेस. खुरांना ओली माती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाच बांगड्या. दुसरं खाचर.

तिसऱ्या दिवशी चार.

राहीनं पहिला संशय घेतला तो बनुबाईवर. का घेणार नाही? हात ओका झाला की कोंड म्हणणार, सोनबा गेला. सोनबा गेला म्हटलं की राही विधवा, आणि विधवेची वाटणी दिराच्या हातात. तिनं चौथ्या दिवशी बनुबाईला विहिरीवर अडवलं आणि विचारलं, कुणाकडनं करून घेतलंस हे? बनुबाई आधी भांडली. मग राहीनं पदराआडनं हात काढून दाखवला तशी ती दोन पावलं मागं गेली, कळशी तिथंच टाकून. ते सोंग नव्हतं. राहीला सोंग ओळखता येतं.

मग उरली कोण? पुण्याची.

हिच्या हातात बांगडी नाही, म्हणून हिला दुसरीच्या हातातली बघवत नाही, असं राहीच्या मनानं घेतलं. ही आली आणि सुरू झालं. हिची पेटी कुलपात.

पाचव्या दिवशी सकाळी बाई न्हायला बसली तेव्हा राहीनं तिच्या पिशवीतनं किल्ली काढली आणि पेटी उघडली. लुगडी, वह्या, औषधाची बाटली. बांगडी नाही. तळाशी तो पिवळा कागद.

राहीला वाचता येत नाही. पण चित्र कळतं.

ठकूबाईच्या नांगराखाली तिचा छोटा नांगर होता. त्याच्या खाली...

चार वर्तुळं. गोल, स्वच्छ, जुन्या शाईची. आणि चारही खरवडलेली.

ती वळली तर बाई दारात ओल्या केसांनी उभी.

"हे तुमी काढलंत," राही म्हणाली.

बाईनं कागद हातात घेतला आणि तिचे हात थरथरायला लागले. राहीनं त्या हातांकडंच बघितलं. ज्याचं काम असतं त्याचे हात असे थरथरत नाहीत.

दोघी तशाच येसाजीकडं गेल्या. कागद परत घ्या म्हणाल्या. म्हाताऱ्यानं तो दुरूनच बघितला, हातात घेतला नाही.

"हा माझ्यातला नाय," तो म्हणाला. "माझ्या गाठोड्यात बेचाळीस कागद. तुमी बेचाळीस परत दिलात. हा कुठनं आणलात, तुमचं तुमाला माहीत."

बाई म्हणाली, तुमच्यासमोर काढला हो मी. तो म्हणाला, नाय.

दोघांतलं कोण खोटं बोलत होतं, हे राहीला आजही सांगता येत नाही.

सहाव्या दिवशी एक बांगडी उरली. सहा खाचरं नांगरून झाली. हैबती बांधाबांधानं फिरून बघून गेला. त्याला आता काळजी उरली नव्हती. त्यानं निरोपच पाठवला. कोण नांगरतंय ते मला माहीत नाय, पण तलाठी विचारील तेव्हा मी सांगीन, मी नांगरलं. सगळा कोंड हो म्हणेल. तू काय सांगशील? भूत नांगरतं?

आणि तलाठी परवा दुपारी येणार होता.

त्या संध्याकाळी आनंदीबाई चुलीपाशी येऊन बसली. म्हणाली, "राही, मी कागद जाळते. तू हे शेत सोड, माझ्याबरोबर पुण्याला चल. मी काम बघून देते."

"जाळू नका."

"अगं, ती ठकूबाई तुला..."

"बाई, फुकट कोण नांगरतं?" राही म्हणाली. "तिनं सहा नांगरली, सहा नेल्या. उद्या सातवी नेईल. ते मला चालंल. हात ओका झाला तरी हात हाय. पण खाचरं आठ हायत."

बाईला आधी कळलं नाही.

मग राहीचा हात आपोआप गळ्यापाशी गेला. काळ्या मण्यांच्या पोतीपाशी.

आठव्याला ती काय नेणार?

चुलीत लाकूड फुटलं तशा दोघी दचकल्या. राही रात्रभर जागी होती आणि एकच हिशेब घालत होती. शेत हवं तर सोनबा जाईल. सोनबा हवा तर शेत जाईल. आणि सोनबा आहे की नाही हेच ठाऊक नाही. नसलेल्या माणसासाठी शेत सोडायचं? की असलेल्या माणसाला खाचरासाठी द्यायचं?

पहाटे तिला तिसरं सुचलं.

सातवा दिवस गेला. सातवी बांगडी गेली. दोन्ही मनगटं मोकळी. तिनं कोणाला दाखवली नाहीत.

आठव्या दिवशी न्याहारीच्या वेळेला राहीनं लुगड्याचा काचा मारला, खांद्यावर नांगर घेतला, बैल पुढं घातले आणि भर कोंडातनं खाली निघाली.

बायका दारात आल्या. पुरुष उठून उभे राहिले. कोणीतरी ओरडलं, अगो, पाऊस घालवशील. ती थांबली नाही. तिला दुपार व्हायच्या आत आठवं खाचर संपवायचं होतं. तिनं स्वतः नांगरलं तर दुसरीला नांगरायला उरेल काय? आणि नेईल काय?

एवढाच तिचा हिशेब.

जू ठेवलं. रुमणं धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. हात भाजेल असं तिला वाटलं होतं. नुसतं लाकूड होतं, हैबतीच्या हातानं गुळगुळीत झालेलं.

नांगर काही सरळ चालेना. फाळ वर यायचा, बैल भरकटायचे. पहिलं तास, म्हणजे नांगराची रेघ, वाकडं गेलं, दुसरं त्याहून. वाटेवर आता निम्मा कोंड जमला होता. पोरं हसत होती. आनंदीबाई बांधाच्या टोकाला उभी होती, वही बंद.

ऊन डोक्यावर यायला लागलं. खाचर निम्मं झालं होतं. राहीच्या तळहाताचं कातडं सोललं. छाती भात्यासारखी हलायची. उरकत नव्हतं. दुपारच्या आत उरकणार नव्हतं.

आणि मग...

नांगर हलका झाला.

एकदम. फाळ मातीत लोण्यासारखा गेला. बैलांनी माना खाली घातल्या आणि सरळ चालायला लागले.

राहीनं खाली बघितलं नाही. ती सांगते, मला कळलं होतं, माझ्या हाताशेजारी रुमण्यावर दुसरा हात हाय. गार. नदीतल्या दगडासारखा. मी बघितलं असतं तर सोडून पळाले असते.

तिनं समोर बैलांच्या शिंगांकडं बघितलं आणि हात घट्ट केला.

तिची मनगटं ओकी होती. पण तिच्या कानाशी...

बांगड्या वाजत होत्या. आठ दिवसांनी पहिल्यांदा.

तेवढ्यात हैबती आला. वरच्या बांधावरनं उड्या टाकत, शिव्या देत, रुमणं हिसकावून घ्यायला. तो खाचरात उतरला. पाच-सहा पावलं आला.

थांबला.

तो राहीकडं बघत नव्हता. तिच्या शेजारी बघत होता. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, नजर पायाशी नेली आणि बाजूला होऊन वाट दिली. धाकट्या भावजयीसमोर असं कोणी करत नाही. असं घराण्यातल्या थोरल्या बाईसमोर करतात.

तो गेला. तेव्हापासून आजतागायत त्या दुपारबद्दल बोललेला नाही. दारू पाजूनसुद्धा बोलत नाही. पाजून बघितलीय.

शेवटची दोन तासं उरली होती तेव्हा तलाठी आला. छत्री घेऊन बांधावर उभा राहिला. खाली उतरला नाही, वहाणांना माती लागेल म्हणून. तिथूनच त्यानं विचारलं, नाव काय, कुणाच्या तुम्ही?

ही वेळ होती. यासाठी तर सगळं केलं होतं.

आणि राहीची जीभ अडकली.

स्वतःचं नाव सांगायला काय, ते सांगितलं असतं. पण नवऱ्याचं नाव? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. शेजारची घेते, नणंद घेते, पोर घेतं. बाईनं मान खाली घालायची, कोणीतरी सांगतं. दहा वर्षांची सवय. आणि त्या दिवशी तर ते नाव तोंडातनं काढायची तिला भीती वाटली, की उच्चारलं आणि गेला तर.

तिनं मान खाली घातली.

कोणीतरी सांगितलं.

बाईचा आवाज होता. नीट ऐकू आला नाही. राहीला वाटलं, वाटेवर उभ्या असलेल्यांतल्या कोणी तरी दया केली. तलाठ्यानं लिहून घेतलं, बरं म्हणाला आणि पुढं गेला.

खाचर पूर्ण झालं. राहीनं गळ्याला हात लावला.

पोत होती.

ती तिथंच मातीत बसली आणि रडली. आनंदीबाईनं तिला उठवलं. दुसऱ्या दिवशी बाई पुण्याला गेली. तिचं एकच पत्र आलं, मास्तरनं वाचून दाखवलं. कागद पेटीत सापडत नाही, तुझ्याकडं राहिला का? राहीकडं नव्हता. तिनं बायकांवर पुस्तक लिहिलं की नाही, आम्हाला माहीत नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगायला बसले नसते.

वैशाखात राही पोलादपूरला गेली आणि खाचरांचा उतारा काढला. तिथल्याच एका कारकुनाकडनं वाचून घेतला. जमीन कसणाऱ्याचं नाव...

ठकूबाई.

राही म्हणाली, परत वाचा. त्यानं परत वाचलं. ती तडक तलाठ्याकडं गेली. आमच्या कोंडात या नावाचं कोणी नाही, तुम्ही चुकीचं लिहिलंत. तलाठी तापट माणूस. तो म्हणाला, चुकीचं कसं, मी समोर विचारून लिहिलंय.

"कुणाला विचारलंत?"

"नांगर धरलेल्या बाईला."

"नांगर मी धरला व्हता."

तलाठ्यानं तिच्याकडं नीट बघितलं. आठवून बघितलं. मग म्हणाला, "नाही हो. तुम्ही मागं उभ्या होतात. मान खाली घालून."

पुढं काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. हैबतीनं खाचरांचं नाव सोडलं. त्या नावाविरुद्ध तक्रार करायला तो आपण होऊन गेला नाही, आणि दुसरं कोणी गेलं असतं तर ठकूबाईला शोधायचं कुठं? खाचरं राहिली. मावशी दर वर्षी स्वतः नांगरते. पाऊस कुठं पळाला नाही. आता तिच्या मागनं कोंडातल्या अजून दोघी रुमणं धरतात, ज्यांचे नवरे मुंबईहून आले नाहीत त्या.

सोनबाकाका आला नाही. मेल्याचंही कळलं नाही. पोत गळ्यात आहे. मावशीला काय म्हणायचं, हे कोंडाला अजून ठरवता आलेलं नाही. कासार आला की ती हात भरून बांगड्या भरते. त्या वाजत नाहीत. मी स्वतः कान लावून बघितलंय.

आई म्हणते ती वेडी झाली. मी आईशी भांडते. वेडी बाई इतकं सरळ नांगरत नाही.

पण खरं सांगू, कालपासून मलाच बरं वाटत नाही.

कोंडातला कुशाबा महाडच्या बाजाराला आला होता. मावशीनं त्याच्याकडं माझ्यासाठी निरोप दिला. शाळा सोडून घरात बसलीच आहेस, तर या नांगरटीला ये. शिकवते.

मी म्हटलं, एवढंच?

कुशाबानं इकडंतिकडं बघितलं. म्हणाला, अजून एक म्हणाली. आमी दोघी आता थकलो, म्हणाली. तिसरा हात पायजे.

मावशी घरात एकटी राहते.

कुशाबा उद्या परत जाणार आहे. काय सांगू, असं विचारत सकाळपासून दोनदा दारात येऊन गेला. मी अजून हो म्हटलं नाही.

नाही पण म्हटलं नाही.